मूळ प्रत जोडली आहे

उणकलच्या स्टॉपवर उतरून वेदश्री वेणूअक्काच्या दारात पोचली, तेव्हा वेणूअक्कानं आधी तिच्या पायांकडं बघितलं, मग खांद्यावरच्या पिशवीकडं, आणि विचारलं, "डायरी आणलीस का? पेन निळं हाय न्हवं? मागल्या वर्षीच्या पोरानं हिरव्यानं लिवलं आन् तुमच्या बाईंनी समदं परत लिवायला लावलं त्याला."

वेदश्री दारातच थबकली. समाजकार्याच्या एम.ए.चं शेवटचं वर्ष, कल्याण खात्याच्या ऑफिसात फील्डवर्कला लागून आठवडा झालेला, आणि ही आयुष्यातली पहिली होम व्हिजिट. धारवाडहून येताना बसमध्ये तिनं एक वाक्य घोकून ठेवलं होतं: 'घाबरू नका, मी तुमच्या मदतीसाठी आले आहे.' आता ते कुणी कुणाला म्हणायचं, हाच प्रश्न होता.

"स्टुलावर नगं, चटईवर बस," वेणूअक्का म्हणाली. "म्हंजे 'कार्यकर्ती लाभार्थीच्या पातळीवर बसली' असं लिवायला येतंय. त्याला मार्क हायत. आता पयली धा मिनटं रॅपो, म्हंजे सलगी करायची. पावसापाण्याचं बोलायचं. माझं दुखणं आज इचारायचं न्हाई, ते तिसऱ्या व्हिजिटला."

वेदश्रीनं मुकाट्यानं पावसाचं विचारलं. वेणूअक्कानं पाऊस बरा असल्याचं सांगितलं, घड्याळाकडं बघितलं, आणि दहा मिनिटं होताच रॅपो झाला असं जाहीर करून चहा टाकायला उठली. जाता जाता म्हणाली, "तवर घराण्याचं चित्र काढून घे. बाप्याला चौकोन, बाईला गोल, मेलेल्याला फुली. आमच्या मालकांस्नी फुली येती. एका पोरीनं ती बाबूवर मारली हुती. माय, कसं वाटलं असंल त्याला?"

बाबू म्हणजे तिचा मुलगा. खिडकीपाशी भिंतीला टेकून बसला होता, डोळ्याला घड्याळजीचं भिंग लावून. वय चौतीस. तिसऱ्या वर्षी पोलिओ झाला आणि कमरेखालचं सगळं गेलं. हात मात्र असे की गल्लीतली बंद पडलेली सगळी घड्याळं त्याच्याकडं यायची. त्याला बसस्टँडजवळ टपरी टाकायची होती, पण टपरीपर्यंत जायचं कसं? आईच्या पाठीवरून? लहान होता तोवर ती न्यायची, आता तिचं वय साठीला आलेलं. म्हणून हातानं फिरवायची तीनचाकी सायकल हवी होती. सरकार असल्या सायकली देतं, तशी योजनाच आहे. वेणूअक्कानं पहिल्यांदा मागितली ती अठ्ठ्याऐंशी साली. आता नव्व्याण्णव चाललं होतं.

तेवढी अकरा वर्षं काय झालं, ते ऐका. खात्याच्या ऑफिसात बाळाचार्य नावाचे हेडक्लार्क होते. सज्जन माणूस, कपाळाला गंध, जिभेवर साखर. शिकाऊ पोरं सांभाळायचं काम वरच्यांनी त्यांच्या गळ्यात मारलेलं. पोरांना केस तर द्यायला हवी, आणि ती कलघटगीच्या पलीकडल्या वाडीतली दिली तर पोर दिवसभर परत येत नाही, आईबापांचे फोन येतात. वेणूअक्काचं घर कसं, तर धारवाड-हुबळी बस दारात थांबते, अक्का बोलकी आहे, चहा देते. पहिल्या वर्षी एकीला पाठवलं, ती पास झाली. दुसऱ्या वर्षी दुसरा पाठवला, तोही पास झाला. झालं! सरकारी ऑफिसात एखादी गोष्ट दोनदा झाली की तिची वहिवाट होते, आणि वहिवाट मोडायची कुणाची छाती आहे?

अशा अकरा पोरांना वेणूअक्कानं पास केलं. आणि मला सांगा, करणार नाही तर काय? तिच्या घरचे प्रश्न तिला क्रमानं पाठ होते. पोर चुकलं की ती थांबवायची. एक जण गदगला ऑफिसर झाला, एकीनं लग्नाची पत्रिका पाठवली. ती पत्रिका तिनं देवाच्या फोटोमागं खोचून ठेवली होती. "माझ्या दारातनं एक पोर नापास गेलं न्हाई," हे ती भाजीवाल्यालासुद्धा सांगायची. सायकल तेवढी आली नव्हती. त्याबद्दल ती कुणाला बोल लावत नसे. सरकारचं काम, वेळ लागतो, एवढंच म्हणायची.

पण या खेपेला वेळच उरला नव्हता. चौथ्या व्हिजिटला, डायरी मिटल्यावर, बाबूनं भिंग काढून पहिल्यांदा तोंड उघडलं. "मॅडम, योजनेत पस्तीसची अट आहे. जानेवारीत मला पस्तीस पुरी होतात. तीन डिसेंबरच्या, अपंग दिनाच्या वाटपात नाव आलं तर आलं. मग नाही." इतकं म्हणून त्यानं भिंग परत डोळ्याला लावलं.

तिनं अर्ज लिहिला. डॉक्टरचा दाखला, फोटो, सगळं लावलं. बाळाचार्यांनी तो वाचला, "काय सुरेख अक्षर गं तंगी," कानडीत धाकट्या बहिणीला म्हणतात तसं म्हणाले, आणि परत तिच्याच हातात दिला. "कॉलेजला दाखवून घे."

कॉलेज नवनगरला. तिथल्या मालती मॅडम फील्डवर्क बघायच्या. त्यांनी अर्जावर लाल शाईनं बरोबरची खूण केली आणि म्हणाल्या, "छान. आता हा रिपोर्टच्या शेवटी परिशिष्ट ए म्हणून बांधायचा. मूळ प्रत हं, झेरॉक्स नाही. झेरॉक्सवर विद्यार्थी फसवतात. जुने रिपोर्ट बघून घे, फॉरमॅट कळेल."

जुने रिपोर्ट लायब्ररीच्या मागच्या खोलीत होते. वेदश्रीनं एक काढला, निळ्या रेक्झिनची बांधणी, वर सोनेरी अक्षरं. शेवटचं पान उघडलं. तिथं बाबूचा अर्ज होता. मूळ प्रत. दुसरा काढला, तिथंही अर्ज. तिसरा. चौथा. ती खाली फरशीवर बसली आणि अकराच्या अकरा समोर मांडले.

अकरा अर्ज, अकरा डॉक्टरांचे दाखले, अकरा फोटो. पहिल्या फोटोत तेवीस वर्षांचा बाबू, भांग पाडलेला, ओठांवर कोवळी मिशी, फोटोग्राफरनं काहीतरी बोलून हसवलेला. मग मिशी दाट झाली. मग हसू गेलं. सातव्या फोटोत कपाळ वाढायला लागलं होतं. प्रत्येक अर्जावर लाल शाई: 'गरज नेमकी मांडली आहे, आठ.' 'भाषा साधी ठेवा, सात.' एकावर, 'उत्तम! साडेआठ.' म्हणजे अकरा वर्षं सायकलीचा अर्ज मंजूर होत नव्हता, तो फर्स्टक्लासनं पास होत होता. ऑफिसात यातला एकही कागद जमा झाला नव्हता. वेदश्रीला आधी हसू आलं, मग रडू आलं, आणि मग इतका राग आला की तिला ते रिपोर्ट उचलून कुणाच्या तरी डोक्यात घालावेसे वाटले.

ती मालती मॅडमकडं गेली. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं. "अगं, अर्ज ऑफिसात देणं हे ऑफिसचं काम. त्यांनी प्रत ठेवून घ्यायला नको का? आपण शिकतो ती प्रक्रिया. फळाकडं बघायला लागलो तर एकही विद्यार्थी पास व्हायचा नाही."

"मग या वर्षी मूळ प्रत मी ऑफिसात देते, मॅडम."

"दे की. पण परिशिष्ट ए नसेल तर रिपोर्ट अपुरा. अपुरा रिपोर्ट म्हणजे फील्डवर्कात नापास, आणि फील्डवर्कात नापास म्हणजे वर्ष गेलं. हा नियम मी नाही केला, वेदश्री." आणि खरंच तो त्यांनी केलेला नव्हता. कुणी केला तेही त्यांना ठाऊक नव्हतं, म्हणून तर त्यांना त्याची इतकी भीती वाटायची.

मग ती बाळाचार्यांकडं गेली. त्यांनी लाल कापडात बांधलेलं रजिस्टर काढलं. "बघ तंगी, वेणूबाई कुठं आहेत? ट्रेनिंगच्या रजिस्टरात. या रजिस्टरातून वस्तू द्यायची तरतूदच नाही. यातून फक्त सर्टिफिकेट देता येतं, ते तुला देईन." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि खरं सांगू? मला इतकी वर्षं वाटायचं, घर खरं, चहा खरा, पण मुलाची आणि सायकलीची केस तुमच्या कॉलेजनंच बनवलेली आहे. शिकवण्यासाठी, गणितात राम आणि शाम आंबे वाटून घेतात तशी. दर वर्षी तीच विधवा, तोच मुलगा, तीच सायकल. खरी माणसं इतकी एकसारखी राहतात होय?"

वेदश्री अर्ज पिशवीत घालून बाहेर पडली.

नोव्हेंबरातल्या एका सोमवारी तिनं उणकलला रिक्षा आणली. वेणूअक्कानं अर्ज बघितला आणि हात मागं घेतला. "ह्यो हापिसात दिलास तर बुकात काय बांधशील?"

"झेरॉक्स चालते अक्का, यंदापासून," वेदश्री म्हणाली. आयुष्यात ती इतकं सफाईनं कधी खोटं बोलली नव्हती.

ऑफिस पहिल्या मजल्यावर. तीनचाकी मागणाऱ्यानं स्वतः हजर राहून मोजमाप द्यायचं असा नियम, आणि मोजमापाची टेप वरच्या कपाटात. अपंग कल्याणाचं ऑफिस जिन्यावर चढवणाऱ्या त्या शहाण्याला एकदा डोळे भरून बघायचं आहे मला. रिक्षावाला म्हणाला, उचलून नेतो. बाबू म्हणाला, नको. त्यानं चपला हातात घातल्या आणि पायरी पायरी करत वर निघाला. बावीस पायऱ्या होत्या. मागं वेणूअक्का, तिच्या मागं वेदश्री, आणि खाली उतरायला निघालेली दोन माणसं भिंतीला चिकटून उभी.

बाळाचार्य डबा उघडून बसले होते. टेबलाच्या कडेवर आधी दोन चपला दिसल्या, मग दोन हात, मग घामानं डबडबलेला चेहरा. बाबू दम खात म्हणाला, "नमस्कार. मी बाबू. अर्ज द्यायला आलो."

बाळाचार्यांचा घास हातातच राहिला. ते चेहऱ्याकडं बघत राहिले, मग सावकाश उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि खाली फरशीवर बसले, सोवळ्याओवळ्याचा विचार न करता. "तू आहेस होय," इतकंच म्हणाले. "आहेस तू. अकरा वर्षं." मग कपाटातली टेप त्यांनी स्वतः आणली, मोजमाप स्वतः घेतलं, आणि अर्जावर आवकचा शिक्का असा मारला की टेबलावरचा ताकाचा पेला लवंडला. ट्रेनिंगच्या रजिस्टरातलं नाव खोडता येत नव्हतं, तर त्यांनी साध्या रजिस्टरात नवीन लिहिलं. चौकशी झाली तर बघू, म्हणाले.

तीन डिसेंबरला सायकल आली. निळ्या रंगाची, सीटवर प्लॅस्टिक, मागं टोपली. बाबूनं सीटवरचं प्लॅस्टिक चार दिवस काढलं नाही. पाचव्या दिवशी काढलं आणि बसस्टँडजवळ टपरी लावली.

गोष्ट इथं संपायला हरकत नव्हती. पण रिपोर्ट बाकी होता ना.

वेदश्रीनं परिशिष्ट ए म्हणून कोरं पान बांधलं आणि त्यावर लिहिलं, 'अर्जाची मूळ प्रत ऑफिसात दिली. सायकल मिळाली.' एप्रिलमध्ये व्हायवाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या दोन दिवस आधी मालती मॅडमनी ते वाचलं आणि कपाळाला हात लावला. बाई वाईट नव्हत्या. पोरीचं वर्ष वाचवायचं म्हणून दिवसभर नियमांचं पुस्तक चाळून त्यांनी वाट शोधून काढली. "परिशिष्टात अर्ज किंवा 'कार्याचा मूळ पुरावा' असं लिहिलंय इथं. मूळ पुरावा म्हणजे सायकल. ती घेऊन ये. परीक्षकांच्या डोळ्यांसमोर ठेवू."

अशा रीतीनं व्हायवाच्या दिवशी बाबू उणकलहून नवनगरपर्यंत सायकल हातानं फिरवत आला. दोन तास लागले. वेणूअक्का बसनं पुढं येऊन गेटपाशी थांबली होती, ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून, जणू तिचीच परीक्षा होती. बाहेरगावचे परीक्षक व्हरांड्यात आले, चष्मा पुसून सायकलीभोवती एक फेरी मारली, घंटी वाजवून बघितली आणि म्हणाले, "पुरावा समाधानकारक आहे." मालती मॅडमनी सुटकेचा निःश्वास सोडला. शिपाई तुकाराम डिंकाची बाटली घेऊन पुढं झाला आणि त्यानं सायकलीच्या मडगार्डवर एक चिठ्ठी चिकटवली: परिशिष्ट ए.

"आता उतरा," तो बाबूला म्हणाला.

"का?"

"परिशिष्ट परत मिळत नाही. मागच्या खोलीत जमा होतं. नियम आहे."

वेदश्रीला वाटलं, कुणीतरी हसेल. कुणी हसलं नाही. परीक्षक म्हणाले, नियम तसाच आहे खरा, परिशिष्टाशिवाय रिपोर्टवर सही करता येत नाही. मालती मॅडम पुस्तक उघडून पान शोधायला लागल्या, आणि त्यांचा चेहरा सांगत होता की पान सापडलं आहे आणि तिथं तेच लिहिलं आहे.

"परिशिष्ट न्हाई दिलं तर काय हुतंय?" वेणूअक्कानं विचारलं.

"मुलगी नापास होते," परीक्षक म्हणाले.

वेणूअक्का वेदश्रीकडं वळली. "झेरॉक्स चालती म्हनली हुतीस."

वेदश्रीनं मान खाली घातली.

वेणूअक्का पदर खोचून सायकलीपाशी आली आणि मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. "उतर बाबू. पोरीचं वरीस जाईल. आपुन काय, बसायची सवं हाय आपल्याला."

आणि बाबू उतरायला लागला. कुरकुर नाही, प्रश्न नाही. टोपलीतल्या चपला काढून त्यानं हातात घातल्या, एक हात व्हरांड्याच्या फरशीवर टेकला. वेदश्री ते बघत होती. वर्गात तिनं दोन वर्षं ऐकलं होतं की कार्यकर्त्यानं भावना आवराव्या. तिला आवरता आल्या नाहीत. ती पुढं झाली, तुकारामाच्या डोळ्यांदेखत मडगार्डावरची चिठ्ठी ओढून काढली, डिंक ओला होता म्हणून बरी निघाली, आणि परीक्षकांना म्हणाली, "सर, लिहा. परिशिष्ट नाही."

"मुली, विचार कर. एका सायकलीसाठी—"

"केला, सर. बाबूअण्णा, वर बसा तुम्ही."

परीक्षकांनी तिच्याकडं बघितलं, मग मालती मॅडमकडं. मालती मॅडमनी पुस्तक मिटलं. परीक्षकांनी पेन काढून लिहिलं, 'परिशिष्ट ए सादर केले नाही. अपूर्ण.' खाली वेदश्रीची सही घेतली. घरी आप्पांना काय सांगायचं, पुढच्या वर्षीची फी, वर्गातल्या पोरी पुढं जाणार, सगळं एकदम आठवलं. ती तशीच बाहेर आली.

गेटपाशी वेणूअक्का तिला रागं भरायला टपूनच होती. "आगं, काय केलंस हे? सायकल उद्या दुसरी मिळाली असती."

"पस्तीस झाली अक्का त्यांना."

वेणूअक्कानं पदरानं आधी वेदश्रीचे डोळे पुसले, मग स्वतःचे. रस्त्यावर ऊन रणरणत होतं आणि उणकलची बस समोरून येत होती. बाबूनं सायकल गेटाबाहेर काढून हुबळीच्या दिशेला वळवली.

"थांब रं, रिक्षा करू. टाकून न्हेऊ सायकल," वेणूअक्का म्हणाली.

"नको," बाबू म्हणाला. त्यानं दोन्ही हात मुठीवर ठेवले. "तुम्ही दोघी बसनं या मागनं. मी होतो पुढं."